काचबिंदूचे ऑपरेशन : राहिलेली नजर राखण्यासाठी



मोतीबिंदूचे ऑपरेशन आपल्या वस्त्यांना आता नवे राहिलेले नाही. शेजारच्या आजी शिबिराच्या गाडीतून जातात, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते आणि नातवंडांची तोंडे स्वच्छ दिसू लागतात, हे बहुतेक घरांनी पाहिले आहे. त्यामुळे डोळ्याचे ऑपरेशन म्हणजे गेलेली नजर परत येणे, असे आपण धरून चालतो. काचबिंदूच्या बाबतीत हाच समज फार महागात पडतो.

डॉक्टर सांगतात, "काचबिंदू आहे, ऑपरेशन करावे लागेल." घरचे विचारतात, "डॉक्टरसाहेब, केल्यावर नीट दिसेल ना?" डॉक्टर म्हणतात, "नाही, आहे तेवढे राहावे म्हणून करायचे." मग घरी चर्चा सुरू होते. दिसणार नसेल तर डोळ्याला हत्यार लावून घ्यायचे कशाला? खाडे कशाला करायचे, उसनवारी कशाला करायची? ऑपरेशन लांबणीवर पडते. वर्ष-दोन वर्षांनी माणसाला हात धरून दवाखान्यात न्यावे लागते आणि तोवर राखण्यासारखे फारसे उरलेले नसते.

तेव्हा नजर वाढणार नसताना हे ऑपरेशन का करावे, त्यात काय करतात आणि त्यानंतर घरच्यांनी काय सांभाळावे, हे आज समजून घेऊ.

नळ चालू, मोरी तुंबलेली

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. गढूळ भिंग काढून नवे बसवले की दिसू लागते. काचबिंदूत बिघाड भिंगाचा नसतो, डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा असतो. या नसेत सुमारे १० ते १२ लाख बारीक तंतू असतात. ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचे औषध अजून निघालेले नाही. मुंबईच्या दवाखान्यांत याच आजाराला हिंदीत 'काला मोतिया' म्हणतात. त्या नावामुळे घोटाळा आणखी वाढतो. हा मोतीबिंदूचा प्रकार नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे.

नस का मरते? डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होते. हे अश्रूंचे पाणी नव्हे, ते डोळ्याच्या आत असते. बुबुळाच्या कडेला, जिथे पारदर्शक पडदा आणि रंगीत पडदा मिळतात, तिथे एक कोपरा असतो. त्यालाच कोन म्हणतात. तिथल्या जाळीतून हे पाणी बाहेर झिरपते आणि रक्तात मिसळते. घरातील मोरी डोळ्यांपुढे आणा. नळ चालू आहे, मोरीवर झाकण नाही, पण जाळीत गाळ बसला आहे. पाणी तुंबणारच. उघड्या कोनाच्या काचबिंदूत असेच होते. कोन उघडा असतो, पण जाळी नीट काम करीत नाही. आतला दाब वाढतो आणि तो नसेला सोसत नाही.

डोळ्याचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारणपणे तो १० ते २१ असतो. परंतु काहींची नस त्याहून कमी दाबातही खराब होते. त्यामुळे दाबाचा आकडा बरा आला एवढ्यावर समाधान मानू नये, नसही तपासून घ्यावी.

दुखत नाही म्हणून कळत नाही

डोळा एकाएकी लाल होऊन डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात, तो काचबिंदू बंद कोनाचा. त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. उघड्या कोनाचा काचबिंदू गुपचूप येतो. ना दुखणे, ना लाली. आधी जाते ती बाजूची नजर. समोरचे नीट दिसत असते, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो.

सातिवलीसारख्या ठिकाणी ही बाजूची नजर म्हणजे जीव आणि भाकरी दोन्ही आहे. गाळ्यात प्रेस मशीनवर बसणाऱ्याला कडेने सरकणारा हात दिसला नाही तर बोटे जातात. खिंडीच्या रस्त्यावर बाजूने येणारा टेम्पो दिसला नाही, किंवा हायवे ओलांडताना कडेची गाडी कळली नाही, तर काय होईल ते सांगायला नको. वारंवार ठेचा लागणे, दाराच्या चौकटीला खांदा आपटणे, जिना उतरताना पायरी चुकणे यांना आपण वयाच्या किंवा धांदलीच्या नावावर टाकतो. कधी कधी माणूस दारू पितो असा संशयही घेतला जातो. आधी त्याचे डोळे तपासावेत.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाखांना उघड्या कोनाचा असावा, असा अंदाज दिला होता. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या पाहण्यांत आढळले की दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

जयंतीनिमित्त वस्तीत नेत्रतपासणी शिबिरे होतात, हे चांगलेच आहे. परंतु तिथे बहुधा चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू एवढेच पाहिले जाते. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी डॉक्टरांना आधीच विचारावे की चाळिशीपुढील प्रत्येकाच्या डोळ्याचा दाब मोजता येईल काय आणि मागची नस पाहता येईल काय.

आधी थेंब, लेझर, मग ऑपरेशन

काचबिंदू सापडला की लगेच ऑपरेशन असे नसते. बहुतेकांना प्रथम थेंब देतात. काही थेंब पाणी कमी तयार करतात, म्हणजे नळ बारीक करतात. काही थेंब पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी करतात. हे थेंब जन्मभर आणि वेळेवर घालावे लागतात. दमा असणाऱ्याने डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण टिमोलॉल नावाच्या थेंबाने दमा उसळू शकतो.

दुसरा उपाय लेझरचा. जाळीवर प्रकाशाचे बारीक ठिपके मारतात, त्यामुळे ती पाणी अधिक सोडू लागते. चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी येता येते. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच लेझर केलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. रोज थेंब घेणे खर्चाने किंवा कामाच्या पाळीमुळे जमत नसेल, तर लेझरविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, म्हणून तपासणी थांबवू नये.

थेंब आणि लेझर करूनही दाब हवा तेवढा उतरत नाही, नजरेची कड खाल्ली जात राहते, औषध सोसत नाही, किंवा आजार सापडला तेव्हाच फार पुढे गेलेला असतो, अशा वेळी डॉक्टर ऑपरेशन सुचवतात.

ऑपरेशनात काय करतात

जाळी तुंबली आहे, ती साफ होत नाही, तेव्हा पाण्याला नवी वाट करून द्यायची, एवढेच या ऑपरेशनाचे तत्त्व. ही कल्पना जुनी आहे. १९०९ साली मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट हे डॉक्टर डोळ्याच्या कडेला बारीक गोल छिद्र पाडून पाणी बाहेर काढीत आणि त्यांची ही रीत जगभर गेली. पण त्या छिद्रातून पाणी कधी कधी फार वाहून डोळा मऊ पडे. १९६८ साली इंग्लंडमधील केंब्रिजचे डॉक्टर जे. ई. केर्न्स यांनी जी पद्धत मांडली, तिच्यातून आजचे ऑपरेशन घडले. त्याचे नाव ट्रॅबेक्युलेक्टॉमी.

ते असे होते. डोळा इंजेक्शनने बधिर करतात. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीची एक छोटी झडप उचलतात. तिच्याखाली आतपर्यंत बारीक वाट करतात आणि झडप पुन्हा बसवून टाके घालतात. झडपेमुळे पाणी धो-धो न वाहता झिरपते. ते वरच्या पातळ कातडीखाली जमते, तिथे लहानसा फुगा तयार होतो आणि तिथून पाणी हळूहळू शोषले जाते. हा फुगा पापणीखाली झाकलेला असतो. साधारण तासाभरात काम आटोपते.

इथे एक उलटी गोष्ट समजून घ्यावी. इतर ऑपरेशनात जखम लवकर भरली की आपल्याला बरे वाटते. या ऑपरेशनात जखम पुरती भरली तर नवी वाट बुजते आणि ऑपरेशन फसते. म्हणून डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचे औषध काही मिनिटे लावतात. त्याने वण कमी धरतो. तरीही शरीर वाट बुजवण्याचा प्रयत्न करतेच, म्हणून पुढच्या फेऱ्या फार महत्त्वाच्या असतात.

ज्यांचे हे ऑपरेशन एकदा फसले आहे, किंवा फसण्याचा संभव जास्त आहे, त्यांच्या डोळ्यात बारीक नळी बसवतात. नळीचे एक टोक डोळ्याच्या आत आणि दुसरे पांढऱ्या भागावर बसवलेल्या चकतीला जोडलेले. परदेशी नळ्या महाग पडत. तमिळनाडूतील मदुराईच्या ऑरोलॅब संस्थेने २०१३ पासून आपल्या देशातच स्वस्त नळी बनवण्यास सुरुवात केली, त्यामुळे गरीब रुग्णांची मोठी सोय झाली. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही असतील तर दोन्हींचे ऑपरेशन कधी कधी एकाच वेळी करता येते. अलीकडे अगदी बारीक तुकडे जाळीत बसवण्याच्या पद्धतीही निघाल्या आहेत. पण त्या मुख्यतः सौम्य किंवा मध्यम आजारासाठी असून महाग आहेत. आजार फार पुढे गेला असेल तर त्यांनी दाब पुरेसा उतरत नाही.

उशिरा सापडलेल्या रुग्णांचे काय? ब्रिटनमधील २७ रुग्णालयांत अशा ४५३ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. काहींना थेंबांवर ठेवले, काहींचे सुरुवातीलाच ऑपरेशन केले. दोन वर्षांनी थेंबवाल्यांचा सरासरी दाब १५ च्या आसपास होता, ऑपरेशनवाल्यांचा १२ च्या आसपास, आणि धोक्याच्या बाबतीत दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. तीनाचा फरक कागदावर लहान वाटतो. पण नस जवळजवळ संपत आलेल्या डोळ्याला तो फार असतो.

पहिले तीन महिने

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण ते टिकते रुग्णाच्या फेऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि पुढे महिना-दीड महिना जवळजवळ दर आठवड्याला दाखवावे लागते. या फेऱ्यांत दाब पाहून डॉक्टर एखादा टाका सैल करतात किंवा लेझरने तोडतात. वाट बुजू लागली असेल तर बारीक सुईने मोकळी करतात. ही संधी चुकली तर पुढे तीच वाट उघडणे अवघड जाते. "आता बरे वाटते, कशाला खाडा करू?" असा विचार करून फेरी चुकवू नये.

घरी सांभाळायच्या गोष्टी अशा :

सांगितलेले थेंब दोन-तीन महिने न चुकता घालावेत. ते जुन्या थेंबांपेक्षा वेगळे असतात. जुने थेंब त्या डोळ्यात चालू ठेवायचे की बंद करायचे, हे विचारून घ्यावे. दुसऱ्या डोळ्यातील थेंब मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

पहिले काही आठवडे डोळा चोळू नये, वजन उचलू नये, खाली वाकून काम करू नये. पाण्याची कळशी, सिलिंडर, गोणी घरातल्या दुसऱ्याने उचलावी. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत नको. रात्री झोपताना डोळ्यावर प्लास्टिकचे कवच लावावे.

धुळीच्या, ग्राइंडरच्या, वेल्डिंगच्या कामावर केव्हा जायचे ते डॉक्टरांनाच विचारावे आणि विश्रांतीचे प्रमाणपत्र लिहून घ्यावे.

काही आठवडे ऑपरेशनपूर्वीपेक्षाही धूसर दिसते. याने घाबरू नये. बहुतेकांचे दिसणे हळूहळू पूर्वपदावर येते. चष्म्याचा नंबर दोन-तीन महिन्यांनी काढावा.

धोके कोणते

आंधळेपणाने होकार देऊ नये, तसा आंधळेपणाने नकारही देऊ नये. कधी पाणी जास्त वाहून दाब फार उतरतो. कधी आत रक्त येते. मोतीबिंदू लवकर पिकू शकतो. काहींना काही वर्षांनी पुन्हा थेंब लागतात, काहींना दुसरे ऑपरेशन लागते. नजर आधीच फार थोडी उरलेली असेल तर ती ऑपरेशनमध्ये जाण्याचा धोकाही असतो, पण असे क्वचित घडते.

एक धोका जन्मभराचा आहे. पापणीखालच्या फुग्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, अगदी काही वर्षांनीसुद्धा. म्हणून ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे येऊ लागली किंवा अंधुक दिसू लागले, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नयेत. त्याच दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात जावे.

एकच डोळा राहिला असेल तर

घराघरातला सर्वात कठीण प्रश्न हाच. "एक डोळा गेला, आता राहिलेल्यावर ऑपरेशन करून तोही गेला तर?" ही भीती खोटी नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. दाब उतरत नसेल तर हा आजार वाट पाहत थांबत नाही. ऑपरेशनचा धोका थोडा, न करण्याचा धोका रोजचा. कमावत्या माणसाने आज कामावर एकट्याने जाण्याइतकी नजर राखली, तर ती राखलेली नजर घराला पुढची कित्येक वर्षे पोसते.

होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना पाच गोष्टी विचाराव्यात. माझी नस किती शिल्लक आहे? दाब किती खाली यायला हवा? थेंब किंवा लेझरने तो येईल काय? माझ्या डोळ्याला विशेष धोका कोणता? नंतर किती फेऱ्या लागतील? शक्यतो घरातील एक शिकलेले माणूस बरोबर न्यावे आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. गेल्या वेळचा नजरेच्या कडेचा चाचणी-कागद, म्हणजे यंत्रात हनुवटी ठेवून दिवा दिसला की बटण दाबायचे त्या तपासणीचा, दर वेळी बरोबर असावा. नवा कागद जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय आजार थांबला की वाढला हे कळत नाही.

कुठे जावे, खर्चाचे काय

सातिवली, गोखिवरे, वालीव या भागातील लोकांना वसई रोडहून लोकल पकडून मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत जाता येते. परळचे के.ई.एम., मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जे. जे. आणि सायनचे रुग्णालय, या चारही ठिकाणी डोळ्यांचे विभाग आहेत. केसपेपर सकाळी निघतात, म्हणून पहाटेच घर सोडावे. कंपनीत ई.एस.आय. कापला जात असेल तर ते कार्ड वापरावे. आजारपणाच्या रजेचा भत्ताही त्यातून मिळू शकतो. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत काचबिंदूचे हे ऑपरेशन आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्याला काय मिळेल, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून आधीच विचारावे.

ज्यांची नजर आधीच अरुंद झाली आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा घेर कमी असणेही धरले आहे. समोरचे अक्षर वाचता येते म्हणून प्रमाणपत्र मिळणारच नाही, असे नाही. तसेच नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही. रेल्वेत, एस.टी.त, महापालिकेत असणाऱ्यांनी घाबरून स्वतःहून राजीनामा देऊ नये.

घरातल्या इतरांनी

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी, पुढे दर वर्ष-दोन वर्षांनी. मधुमेह असणाऱ्यांनी, जाड भिंगाचा उणे नंबरचा चष्मा असणाऱ्यांनीही तपासावे. डोळे खाजतात म्हणून दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालणे तर ताबडतोब बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. त्या थेंबांनीच काही जणांना काचबिंदू होतो, तोही तरुण वयात.

ज्या घरात ऑपरेशन झाले आहे, त्या घराने पुढील फेरीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवावी. घरातील एकाने ती लक्षात ठेवण्याची आणि त्या दिवशी बरोबर जाण्याची जबाबदारी घ्यावी. तेवढे केले तर ऑपरेशनला लागलेला पैसा आणि खाडे वाया जाणार नाहीत.